दहा सेकंदांच्या फ्रेममधून तेजोमेघ टिपताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १५० मिलिमीटर व्यासाची आणि ७५० मिलिमीटर फोकल लेंथची न्यूटोनियन दुर्बीण, एकाच अक्षावर मोटार असलेले साधे विषुववृत्तीय माउंट (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती दुर्बीण फिरवणारा आधार) आणि २.९ मायक्रॉन पिक्सेलचा, कूलिंग नसलेला रंगीत सीमॉस कॅमेरा एवढ्या साधनांवर मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे एम ४२, टिपायचा आहे. ऑटोगाइडिंगची, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटच्या चुका आपोआप सुधारण्याची, सोय नाही. ३० सेकंदांच्या बहुतेक फ्रेममध्ये, म्हणजे एकेका एक्सपोजरच्या चित्रांमध्ये, तारे लांबट येतात. १० सेकंदांच्या फ्रेममध्ये ते गोल राहतात, पण चित्र जवळजवळ काळे दिसते, आणि ते उजळायला गेले की तेजोमेघाचा गाभा पांढराफटक पडतो. अशा परिस्थितीत लहान फ्रेमवर रात्री घालवाव्यात की आधी गाइडिंगसाठी पैसे खर्च करावेत, आणि लहान फ्रेम घ्यायच्याच तर किती सेकंदांच्या व किती घ्याव्यात?

माझे स्पष्ट मत असे की लहान फ्रेम घ्याव्यात आणि गाइडिंगचा विचार सध्या बाजूला ठेवावा. तेजस्वी तेजोमेघांच्या बाबतीत १० सेकंदांची फ्रेम ही नाइलाजाने केलेली तडजोड नाही. आजच्या सेन्सरसाठी आणि उजळ आकाशासाठी ती बहुतेक वेळा योग्यच निवड असते. मात्र फ्रेम लहान केली म्हणून एकूण वेळात सूट मिळत नाही. दोन तासांचा प्रकाश हवा असेल तर तो दोन तासच गोळा करावा लागतो. त्याचे तुकडे किती लांबीचे करायचे एवढेच आपल्या हातात असते. हा फरक मनात पक्का बसला की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

दीर्घ एक्सपोजरचा आग्रह आला कुठून, हे आधी पाहू. ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी २८ सेंटीमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. कोणत्याही तेजोमेघाचे ते पहिले छायाचित्र मानले जाते, आणि त्यासाठी त्यांनी ५१ मिनिटांचे एकच एक्सपोजर दिले होते. त्या वेळच्या काचेच्या प्लेटला दुसरा मार्गच नव्हता. मंद प्रकाशात फोटोग्राफीच्या लेपाची संवेदनक्षमता घटते, आणि फारच कमी प्रकाश पडला तर प्लेटवर काहीच उमटत नाही. त्यामुळे तीनशे कोऱ्या प्लेटा एकावर एक ठेवल्या तरी चित्र तयार होत नसे. डिजिटल सेन्सरचे तसे नाही. त्यावर पडलेल्या प्रकाशकणांच्या ठरावीक हिश्श्याचे इलेक्ट्रॉन होतात, आणि ते १० सेकंदांत जमले काय किंवा ३०० सेकंदांत जमले काय, त्यांची बेरीज सारखीच भरते. एका फ्रेममध्ये तेजोमेघाचा मंद भाग डोळ्यांना दिसत नसला तरी तो आकड्यांत असतो आणि शेकडो फ्रेमच्या बेरजेतून वर येतो.

मग फ्रेम अर्ध्या सेकंदाचीच का घेऊ नये? कारण प्रत्येक फ्रेम सेन्सरमधून वाचून घेताना इलेक्ट्रॉनिक्स स्वतःचा थोडा नॉइज, म्हणजे आकड्यांतला अनियमित चढउतार, त्यात मिसळते. यालाच रीड नॉइज म्हणतात, आणि तो फ्रेमच्या लांबीवर नव्हे, तर फ्रेमच्या संख्येवर अवलंबून असतो. दुसरीकडे आकाशाच्या उजेडाचाही नॉइज असतो, आणि तो टाळता येत नाही. म्हणून फ्रेम किमान इतकी लांब असावी की तिच्यात आकाशाचा नॉइज रीड नॉइजवर स्पष्टपणे मात करील. त्यापुढे फ्रेम लांबवून फारसे काही हाती लागत नाही.

हे आकड्यांत मांडतो, कारण इथे आकडेच पटवून देतात. समजा जास्त गेनवर (गेन म्हणजे सेन्सरचा सिग्नल किती पट वाढवायचा ती सेटिंग) कॅमेऱ्याचा रीड नॉइज १.५ इलेक्ट्रॉन आहे. त्याचा वर्ग २.२५. शहरी आकाशाचा उजेड एका पिक्सेलमध्ये सेकंदाला २ इलेक्ट्रॉन देतो असे धरू. तुमच्या दुर्बिणीला आणि पिक्सेलला हा अंदाज वाजवी आहे. १० सेकंदांत आकाशाचे २० इलेक्ट्रॉन जमतात, आणि प्रकाशाच्या नॉइजचा वर्ग इलेक्ट्रॉनच्या संख्येइतकाच असल्यामुळे एकूण नॉइजचा वर्ग २२.२५ होतो. म्हणजे रीड नॉइज अजिबात नसलेल्या आदर्श कॅमेऱ्याच्या तुलनेत सुमारे ११ टक्के जास्त वेळ द्यावा लागतो, तासाला जेमतेम पावणेसात मिनिटे. फ्रेम ३० सेकंदांची केली तर हा भुर्दंड ४ टक्क्यांच्या आत येतो, आणि २ सेकंदांची केली तर ५६ टक्क्यांवर जातो. आता हेच गणित ८ इलेक्ट्रॉन रीड नॉइज असलेल्या जुन्या सीसीडीसाठी करा. वर्ग ६४ होतो, आणि १० सेकंदांच्या फ्रेम घेतल्या तर आदर्श कॅमेऱ्याच्या चौपटीहून जास्त वेळ लागतो. पाच-दहा मिनिटांच्या फ्रेमचा नियम त्या कॅमेऱ्यांच्या काळात बरोबरच होता. मीही त्याच काळात शिकलो, त्यामुळे तो नियम सोडायला मला स्वतःला वेळ लागला. पण तुमच्या कॅमेऱ्याला तो लागू पडत नाही.

तुमच्या आकाशाचा खरा आकडा तुम्हीच काढावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्याला दोनच फ्रेम पुरतात. तेजोमेघ नसलेल्या आकाशाची १० सेकंदांची फ्रेम घ्या आणि तेवढ्याच वेळेची, झाकण लावलेली डार्क फ्रेम त्यातून वजा करा. उरलेल्या चित्राचे मध्यक मूल्य पाहा. तुमचा कॅमेरा १२ बिटांचा असेल आणि फाइल १६ बिटांची होत असेल, तर अनेक सॉफ्टवेअर मूल्ये १६ पट करून लिहितात. तसे असल्यास आधी १६ ने भागा. मग कॅमेऱ्याच्या तक्त्यात तुमच्या गेनसाठी दर युनिटला किती इलेक्ट्रॉन दिले आहेत त्या आकड्याने गुणा आणि १० सेकंदांनी भागा. हा झाला तुमच्या आकाशाचा दर. रीड नॉइजच्या वर्गाच्या दहापटीला या दराने भागले की फ्रेमची पुरेशी लांबी मिळते. वरच्या उदाहरणात ती ११ सेकंद येते. पाचपट धरली तरी चालते. तेव्हा वेळेचा भुर्दंड २० टक्के असतो, आणि माउंट कमजोर असेल तर तो आनंदाने सोसावा.

या नियमाला दोन अपवाद आहेत आणि ते गंभीर आहेत. आकाश खरोखर काळोखे असेल तर उजेडाचा दर सेकंदाला ०.२ इलेक्ट्रॉनपर्यंत उतरू शकतो, आणि मग १० सेकंदांच्या फ्रेमला आदर्शाच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या वर्णपटरेषाच, म्हणजे त्यांच्या ठरावीक रंगांचा प्रकाशच, जाऊ देणारा ड्युअल बँड फिल्टर लावला तरी हेच होते, कारण तो आकाशाचा उजेड मोठ्या प्रमाणात कापतो. शहरातून उत्सर्जन तेजोमेघ टिपणाऱ्याला हा फिल्टर फार उपयोगी आहे, पण त्याच्यासह ३० ते ६० सेकंदांच्या फ्रेम घेता आल्या तरच त्याचे पूर्ण मोल मिळते. म्हणून सुरुवातीला फिल्टर न लावताच एम ४२ घ्या. त्याच्या तेजस्वी भागात तर तेजोमेघाचा स्वतःचा प्रकाशच रीड नॉइजला सहज मागे टाकतो.

आता तारे लांबट का येतात ते पाहू. तुमच्या दुर्बिणीत एका पिक्सेलवर आकाशाचा सुमारे ०.८ विकला भाग येतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). पिक्सेलच्या मायक्रॉनला २०६ ने गुणून फोकल लेंथच्या मिलिमीटरने भागले की हा आकडा मिळतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश सेकंदाला १५ विकला सरकते आणि माउंट ते सरकणे भरून काढते, पण त्याच्या वर्म गिअरच्या प्रत्येक फेऱ्यात ते कधी थोडे पुढे तर कधी थोडे मागे जाते. ही आवर्ती चूक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३० विकला आणि वर्मचा फेरा १० मिनिटांचा धरला, तर सर्वांत वाईट क्षणी प्रतिमा सेकंदाला सुमारे ०.१६ विकला सरकते. ३० सेकंदांत ते पावणेपाच विकला, म्हणजे सहा पिक्सेल झाले, आणि तारा उघडच अंडाकृती दिसतो. १० सेकंदांत ते दोन पिक्सेल होतात, आणि हवेच्या थरथरीमुळे तारा मुळातच चार पिक्सेल रुंद असल्यामुळे ते लक्षात येत नाही. या पुढे-मागे जाण्याच्या दोन्ही टोकांना ही गती शून्याजवळ येते. म्हणूनच तुमच्या ३० सेकंदांच्या काही फ्रेम अनपेक्षितपणे स्वच्छ आल्या असतील. त्या फ्रेमच्या वेळा लिहून ठेवल्यात तर त्या ठरावीक अंतराने येतात हे तुम्हाला दिसेल, आणि तुमच्या वर्मचा फेरा किती मिनिटांचा आहे हेही त्यातूनच कळेल.

ध्रुवाकडे अक्ष नीट न रोखल्याची चूक वेगळ्या प्रकारे त्रास देते. अक्ष १० कला (एक कला म्हणजे ६० विकला) चुकला असेल तर सरक फार तर सेकंदाला ०.०४ विकला होते, जी १० सेकंदांच्या फ्रेममध्ये दिसतही नाही. पण तासाभरात तीच सरक अडीच कलांपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशे पिक्सेल होते. स्टॅकिंगच्या वेळी, म्हणजे फ्रेमची बेरीज करताना, सॉफ्टवेअर तारे जुळवते तेव्हा सेन्सरवरचे स्थिर डाग आणि गरम पिक्सेल एकाच दिशेने सरकत गेलेले असतात, आणि पार्श्वभूमीवर पावसाच्या तिरप्या सरींसारख्या रेघा उमटतात. लहान फ्रेमच्या शेकडो चित्रांच्या बेरजेत या रेघा जास्तच ठळक होतात. माझ्या पाहण्यातली जी चित्रे बाकी सर्व बाबतींत चांगली असूनही फसली, त्यांतली बरीच याच कारणाने फसली. उपाय साधा आहे. दर पंधरा-वीस फ्रेमनंतर दुर्बीण दहा-पंधरा पिक्सेल हलवायची, आणि प्रत्येक वेळी दिशा बदलायची. तुमच्या माउंटवर मोटार एकाच अक्षावर आहे, म्हणून एका दिशेसाठी हँड कंट्रोलरची कळ क्षणभर दाबा आणि दुसऱ्या दिशेसाठी क्रांतीच्या अक्षाची हाताने फिरवायची दांडी अगदी हलकेच फिरवा. त्यानंतर कंपने थांबेपर्यंत पाच-सहा सेकंद जाऊ द्या. तासाभरात वीसेक वेळा हे करण्याचा कंटाळा येतो, पण ते केलेल्या आणि न केलेल्या चित्रांतला फरक कोणत्याही प्रक्रियेने भरून निघत नाही.

ज्यांच्याकडे अल्टाझिमुथ माउंट (दुर्बीण वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरवणारे) आहे त्यांच्यासाठी एक मर्यादा आणखी आहे: चित्र स्वतःभोवती फिरते. उदाहरणार्थ, २० अंश अक्षांशावरून दक्षिणेला ६० अंश उंचीवर असलेल्या वस्तूचे क्षेत्र तासाला सुमारे २८ अंश फिरते, आणि ३८४० बाय २१६० पिक्सेलच्या सेन्सरच्या कोपऱ्यात १० सेकंदांत तारा ३ पिक्सेल ओढला जातो. खमध्याजवळ, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूजवळ, ही गती झपाट्याने वाढते, तर थेट पूर्वेला किंवा पश्चिमेला ती शून्यावर येते. वस्तू निवडताना हे लक्षात ठेवले तर अल्टाझिमुथवरही उत्तम चित्रे मिळतात.

गाभा पांढरा पडण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पडद्यावर गाभा पांढरा दिसणे म्हणजे तो सेन्सरवर खरोखर संपृक्त झाला, म्हणजे तिथले पिक्सेल काठोकाठ भरले, असे नव्हे. मंद भाग दिसावेत म्हणून सॉफ्टवेअर चित्र ताणून दाखवते, आणि त्या ताणण्यात गाभा पांढरा होतो. मूळ फाइलमध्ये तिथला सगळा तपशील शाबूत असू शकतो. म्हणून न ताणलेली फाइल उघडा, गाभ्यावर कर्सर न्या आणि आकडा वाचा. तो कमाल मूल्याच्या बराच खाली असेल तर काळजीचे कारण नाही. कमाल मूल्यालाच टेकला असेल, तर मात्र तो तपशील त्या फ्रेममध्ये नाही आणि नंतर तो कोणी आणूही शकत नाही. तुमच्या साधनांवर जास्त गेनला ३० सेकंदांत गाभा संपृक्त होणे जवळजवळ निश्चित आहे, आणि १० सेकंदांत तो सीमेवर असेल.

म्हणून एम ४२ साठी दोन संच घ्या. पहिला संच २ सेकंदांच्या दीडशे फ्रेमचा, कमी गेनवर. कमी गेनला पिक्सेल जास्त इलेक्ट्रॉन धरून ठेवतो आणि तेजस्वी ताऱ्यांचे रंगही टिकतात. दुसरा संच १० सेकंदांच्या किमान ३६० फ्रेमचा, म्हणजे एका तासाचा, जास्त गेनवर. शंभर फ्रेमच्या सरासरीने नॉइज दहापट कमी होतो, आणि त्यापुढे तो निम्मा करायचा तर फ्रेम चौपट घ्याव्या लागतात. त्यामुळे पहिल्या तासात चित्र वेगाने सुधारते; दुसऱ्या आणि तिसऱ्या तासाचा लाभ बाहेरच्या पसरट पंखांत आणि धुळीच्या मंद पडद्यांत दिसतो. ते पंख हवे असतील तर लागोपाठच्या रात्रींच्या फ्रेम एकत्र करा.

पहिल्या संचातली एखादी चांगली फ्रेम पूर्ण आकारात उघडून पाहा, असे मी मुद्दाम सांगतो. मध्यभागी ट्रॅपेझियमचे चार तारे वेगवेगळे दिसतात; त्यांतला सर्वांत तेजस्वी सुमारे पाचव्या प्रतीचा आहे (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद), आणि या साऱ्या वायूला प्रकाशमान ठेवण्याचे काम मुख्यतः तोच एक तारा करतो. त्यांच्याभोवती वायूच्या प्रकाशाला एकसारखेपणा नसतो. त्यात घड्या, पायऱ्या आणि काठ असतात, आणि एका बाजूने काळसर धुळीची खाच आत शिरलेली असते. दीर्घ एक्सपोजरच्या असंख्य चित्रांत हा भाग पांढऱ्या डागाखाली हरवलेला असतो. सुमारे १,३४० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या ठिकाणाचा सर्वांत सुंदर भाग दोन सेकंदांत मिळतो, म्हणून लहान एक्सपोजरची बाजू मी इतक्या आपुलकीने मांडतो.

रंगाबद्दल एक सूचना. चित्र सुधारताना हिरवा रंग आपोआप काढून टाकणारी एक सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि पार्श्वभूमीसाठी ती ठीक आहे. ती एम ४२ च्या गाभ्यावर मात्र चालवू नका, कारण तिथला हिरवट निळा रंग खरा आहे. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी १८६४ साली एका ग्रहीय तेजोमेघाच्या वर्णपटात हिरव्या रेषा पाहिल्या आणि त्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात. पुढे ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवले की त्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत आणि इतक्या विरळ वायूतच त्या ठळक होतात. त्यांतली मुख्य रेषा ५००.७ नॅनोमीटरवर आहे, आणि रंगीत सेन्सरच्या हिरव्या व निळ्या अशा दोन्ही पिक्सेलना ती मिळते. हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर आहे आणि ती फक्त लाल पिक्सेलना, म्हणजे एकूण पिक्सेलच्या एक चतुर्थांशांना मिळते. साधा डीएसएलआर वापरणाऱ्यांच्या चित्रात लाल आणखीच फिका येतो, कारण त्या कॅमेऱ्यातला आतला फिल्टर या रेषेचा बराचसा प्रकाश अडवतो.

डीएसएलआर वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. तासाला साडेतीनशे फ्रेम म्हणजे यांत्रिक शटरची तेवढीच उघडझाप, तेव्हा कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर तेच वापरावे. दोन फ्रेममधला मोकळा वेळही मोजावा. ४ सेकंदांच्या फ्रेमनंतर २ सेकंद वाया जात असतील, तर रात्रीचा एक तृतीयांश भाग हातचा गेला.

फोकसला लागेल तेवढा वेळ द्या. एफ/५ च्या, म्हणजे फोकल लेंथ व्यासाच्या पाचपट असलेल्या, दुर्बिणीत फोकस चुकण्याची मुभा सुमारे ७० मायक्रॉनची, म्हणजे एका केसाच्या जाडीइतकी असते. दुर्बिणीच्या तोंडावर बाहतिनोव्ह मास्क (ताऱ्याभोवती तीन रेघा पाडणारे खाचांचे झाकण) लावून एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर मधली रेघ बरोबर मध्यात आणा आणि मास्क काढायला विसरू नका. रात्र थंडावते तशी नळी आकुंचन पावते, म्हणून तासाभराने फोकस पुन्हा तपासा. तारे हळूहळू फुगत असतील आणि फोकस फिरवूनही सुधारत नसतील, तर दुय्यम आरशावर दव धरले आहे का ते पाहा. आरसा पुसू नका. कोमट हवेने ते दव उडवा.

लहान फ्रेमचा एक मोठा लाभ निवडीचा आहे. वाऱ्याची झुळूक, जमिनीवर पडलेले पाऊल, मध्येच गेलेला विरळ ढग, यांनी दहा मिनिटांची फ्रेम बिघडली तर दहा मिनिटे जातात. इथे दहा सेकंद जातात. ताऱ्यांची रुंदी आणि गोलाई पाहून सर्वांत वाईट १५ ते २० टक्के फ्रेम वगळा. त्याहून जास्त वगळण्याचा मोह मी टाळतो, कारण प्रत्येक वगळलेली फ्रेम म्हणजे गमावलेला प्रकाश असतो. गाभ्याच्या संचात मात्र प्रकाश मुबलक असल्यामुळे निम्म्या फ्रेम टाकल्या तरी हरकत नाही. डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ साली, हवा क्षणभर स्थिर होऊन एखादी लहान फ्रेम नशिबाने जवळजवळ निर्दोष येण्याची शक्यता गणिताने मांडली होती. ती किमया सेकंदाच्या दहाव्या-शंभराव्या भागात घडते. दोन सेकंदांत हवेची थरथर बरीचशी सरासरीत मिसळून जाते. तरीही रात्रीच्या ओघात हवा सुधारते आणि बिघडते, आणि २ सेकंदांच्या फ्रेम त्यांतले चांगले काळ वेगळे काढू देतात.

डार्क फ्रेम त्याच रात्री, त्याच तापमानाला, तेवढ्याच सेकंदांच्या आणि त्याच गेनच्या, किमान तीस घ्या. तुमच्या कॅमेऱ्याला कूलिंग नसल्यामुळे गेल्या महिन्याच्या डार्क चालणार नाहीत. फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फ्रेम, कॅमेरा न काढता आणि फोकस न हलवता घ्या. उजळ आकाशाखाली फ्लॅट वगळले तर ताणलेल्या चित्रात कडांचा अंधार आणि धुळीची कडी हमखास उमटतात. तुमच्या कॅमेऱ्याची एक फ्रेम साडेसोळा मेगाबाइटची असेल, म्हणजे तासाला सहा गिगाबाइट जागा लागेल. स्टॅकिंगसाठी सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर पुरेसे आहे आणि दोन्ही मोफत आहेत. सरासरी घेताना सिग्मा क्लिपिंग (सरासरीपासून फार दूरची मूल्ये वगळण्याची पद्धत) निवडा, म्हणजे उपग्रहांच्या रेघा निघून जातात. दोन्ही संच वेगवेगळे स्टॅक करा, नंतर एकमेकांशी जुळवा, आणि ताणलेल्या मोठ्या संचाच्या गाभ्यात लहान संचाचा गाभा मऊ कडेच्या मास्कने मिसळा. मिसळताना गाभा भोवतालापेक्षा थोडा उजळच ठेवा. तो इतका दाबला की सगळा तेजोमेघ एकाच उजळपणाचा होतो, तर चित्रातली खोली नाहीशी होते.

एम ४२ नंतर काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण साधने तीच असल्यामुळे सांगतो. स्वरमंडळातला कंकणाकृती एम ५७ तुमच्या सेन्सरवर शंभर पिक्सेलच्या आसपासच येईल, पण त्याचा प्रकाश लहान जागेत एकवटलेला असल्यामुळे ४ ते १० सेकंदांच्या फ्रेम त्याला अतिशय मानवतात. जंबुकातला एम २७ सुमारे सहाशे पिक्सेल लांब येईल, आणि पहिल्या यशासाठी एम ४२ खालोखाल मी तोच सुचवतो. धनु राशीतले एम ८ आणि एम १७ तेजस्वी आहेत, मात्र ते क्षितिजावरून किमान ३० अंश वर असतानाच घ्या. त्याखाली प्रकाशाला दुपटीहून जास्त हवा ओलांडावी लागते आणि ताऱ्यांच्या एका कडेला लाल, दुसऱ्या कडेला निळा रंग दिसू लागतो. ड्रॅको तारकासमूहातला एनजीसी ६५४३, म्हणजे हगिन्स यांनी हिरव्या रेषा पाहिल्या तो तेजोमेघ, इतका लहान आणि उजळ आहे की त्याला १ ते २ सेकंद पुरतात. याउलट रोझेट, व्हेल (Veil) किंवा नॉर्थ अमेरिका तेजोमेघ यांच्या नावांना भुलू नका. त्यांची एकूण प्रत चांगली दिसली तरी प्रकाश मोठ्या क्षेत्रावर विखुरलेला आहे. त्यांना फिल्टर आणि लांब फ्रेम लागतात, आणि गाइडिंगचा खर्च खऱ्या अर्थाने तिथे कारणी लागतो.

पुढच्या चंद्रहीन रात्री एम ४२ मध्यमंडलावर, म्हणजे आकाशात आपल्या सर्वांत उंच जागी, येण्याच्या तासभर आधी सुरुवात करा. प्रथम १० सेकंदांचा संच सुरू करा, तेजोमेघ सर्वांत उंच असताना मध्ये थांबून गाभ्याचा २ सेकंदांचा संच घ्या, आणि मग पुन्हा १० सेकंदांवर या. गाभ्याच्या संचाची निवडक बेरीज झाल्यावर ट्रॅपेझियमच्या चार ताऱ्यांजवळ आणखी दोन तारे शोधा. ते सुमारे अकराव्या प्रतीचे आहेत आणि आपापल्या तेजस्वी शेजाऱ्यापासून जेमतेम चार विकला दूर आहेत. ते दोन्ही वेगळे दिसले तर तुमचा फोकस आणि माउंट या कामाला पुरेसे आहेत आणि १० सेकंदांच्या फ्रेमची संख्या तेवढी वाढवत न्यावी. दिसले नाहीत, आणि तारे सर्व दिशांना सारखेच फुगलेले असतील, तर फोकस किंवा हवा यांत दोष आहे. ते एकाच दिशेला ताणलेले असतील तर मोठ्या संचाची फ्रेम ६ सेकंदांवर आणा. वरच्या आकाशात तेव्हाही वेळेचा भुर्दंड २० टक्क्यांच्या आतच राहतो.